दप्तरातल्या एका ओळीतून कविता : गुलामीत ठेवलेल्या माणसांच्या आयुष्यांवर लिहिण्याची रीत

१७८१ सालच्या नोव्हेंबरअखेरीस 'झाँग' या जहाजावरून सुमारे १३० आफ्रिकी माणसे जिवंतपणी समुद्रात फेकण्यात आली. जहाज लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे होते आणि जमैकाकडे निघाले होते. वाट चुकल्यामुळे प्रवास लांबला आणि पिण्याचे पाणी पुरणार नव्हते, असे खलाशांचे म्हणणे होते. मालकांनी नंतर विमा उतरवणाऱ्यांकडे दर माणशी ३० पौंडांची भरपाई मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा १७८३ मध्ये प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. खुनाबद्दल तेथे कोणावरही खटला नव्हता. माल बुडाल्याचे पैसे कोणी द्यायचे, एवढाच वाद होता, आणि कायद्याच्या दृष्टीने हे घोडे समुद्रात टाकण्यासारखेच आहे, असे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी म्हटले. या सुनावणीचा छापील वृत्तांत जेमतेम दोन पानांचा आहे आणि त्यात बुडवलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही.

या दोन पानांतून एम. नोर्बेसे फिलिप यांनी 'झाँग!' हे संपूर्ण काव्य उभे केले आणि ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. टोबॅगोत जन्मलेल्या आणि टोरांटोत राहणाऱ्या या कवयित्री पूर्वी वकिली करत होत्या, त्यामुळे निकालपत्राची भाषा माणसाला कशी मालमत्ता बनवते हे त्यांना आतून ठाऊक होते. शब्दभांडार म्हणून त्यांनी फक्त तो वृत्तांत घेतला, त्यातलेच शब्द फोडले आणि पानभर पसरवले. या प्रकारच्या कवितेपुढची मूळ अडचण आणि तिच्यातून निघालेली एक वाट या काव्यात एकत्र दिसतात. गुलामीत ठेवलेल्या माणसाविषयी जो कागद आज आपल्या हाती येतो, तो बहुतेक वेळा त्या माणसाला विकणाऱ्याने, मोजणाऱ्याने किंवा शोधणाऱ्याने लिहिलेला असतो. अशा कागदावरून कविता लिहू इच्छिणाऱ्या मराठी कवीसाठी पुढचा लेख आहे. कागदातली रिकामी जागा कल्पनेने बुजवून टाकण्यापेक्षा ती जागा वाचकाला दिसेल अशी कविता रचावी, हे माझे मत मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : एक माणूस आणि एक कागद

'गुलामगिरी' या विषयावर कविता लिहायला बसू नका. अटलांटिकच्या व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. हे आकडे कवीला ठाऊक असलेच पाहिजेत, पण त्यांच्यावर थेट लिहिलेली कविता हमखास भाषणाच्या वाटेने जाते. एका माणसाचा उल्लेख असलेला एक कागद निवडा आणि काही आठवडे त्याच्याजवळच राहा.

असे कागद आज घरबसल्या पाहता येतात. 'स्लेव्ह व्हॉयेजेस' या संग्रहात ३६,००० हून अधिक जहाजफेऱ्यांच्या नोंदी आहेत. पळून गेलेल्या माणसांना पकडून देण्यासाठी मालकांनी वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती मोठ्या संख्येने संकलित झाल्या आहेत. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या लेखक प्रकल्पाने गुलामी भोगलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक आठवणी नोंदवल्या आणि त्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुल्या केल्या आहेत. याशिवाय १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेतली गुलामांची स्वतंत्र पत्रके आहेत. त्यांत मालकाचे नाव लिहिलेले असते आणि त्याच्याखाली एकेका माणसाची ओळ असते : वय, लिंग, रंग. बहुतेक ठिकाणी नाव नसते.

मराठीत लिहिणाऱ्याला घराजवळही असा कागद मिळू शकतो. पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे आणि त्यांना बक्षीस म्हणून दिल्याचे उल्लेख आहेत. या कागदांतला 'कुणबीण' हा शब्द गुलाम स्त्रीसाठी वापरलेला आहे, कुणबी समाजातील स्त्रीसाठी नव्हे, एवढी खबरदारी घ्यावी. इथियोपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताकरविता झालेला मलिक अंबर आपल्या इतिहासात ठळक आहे. परंतु जो सत्तेवर पोहोचला त्याच्यावर लिहिणे तुलनेने सोपे असते. दप्तरात एकदाच येऊन नाहीशी होणारी कुणबीण कवीची खरी परीक्षा घेते.

दुसरी पायरी : लिहिणारा हात ओळखणे

कागद समोर ठेवून पहिला प्रश्न हा विचारावा, की हे कोणी, कोणासाठी आणि कशाच्या मोबदल्यात लिहिले. फरारी माणसाच्या जाहिरातीत उंची, चालण्याची ढब, अंगावरचे व्रण, कपडे आणि अवगत असलेले काम इतक्या बारकाईने दिलेले असते की कवीला आयती व्यक्तिरेखा मिळाल्यासारखे वाटते. ती बारकाई पकडण्यासाठी आहे, हे विसरून ती जशीच्या तशी कवितेत उचलली, तर कविताही त्या माणसाच्या मागावर निघते.

वृद्धांच्या मुलाखतींबाबतही हीच सावधगिरी हवी. मुलाखत घेणारे बहुसंख्य लोक गोरे होते, सांगणारी माणसे अत्यंत गरीब होती आणि गोऱ्यांचे वर्चस्व असलेल्याच प्रदेशात राहत होती. त्यामुळे 'मालक तसे बरे होते' हे वाक्य कोणासमोर उच्चारले गेले, याचा विचार त्या वाक्याइतकाच महत्त्वाचा आहे. शिवाय त्यांची बोली उतरवताना अनेकांनी ती मुद्दाम अधिक वेडीवाकडी लिहिली.

या पायरीवर किती वर्षे जाऊ शकतात, याचे उदाहरण होनोरे फॅनॉन जेफर्स यांच्या 'द एज ऑफ फिलिस' (२०२०) या संग्रहात आहे. १७६१ मध्ये बोस्टनला आणलेली एक मुलगी, जिचे पुढचे दात पडलेले पाहून वय सातेक वर्षांचे ठरवले गेले आणि जिला आणणाऱ्या जहाजाचेच नाव देण्यात आले, ती पुढे फिलिस व्हीटली म्हणून कवयित्री झाली आणि १७७३ मध्ये तिचा संग्रह लंडनमध्ये छापला गेला. तिच्या चरित्राचा मोठा आधार म्हणजे १८३४ साली, तिच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, मालकिणीच्या नात्यातली म्हणवणाऱ्या एका गोऱ्या बाईने लिहिलेली आठवण. जेफर्स यांनी या आठवणीवरच प्रश्नचिन्ह लावले, सुमारे पंधरा वर्षे कागद पाहिले आणि मग कविता प्रसिद्ध केल्या. ओबर टॅनर या गुलामीतल्याच मैत्रिणीला फिलिसने लिहिलेली काही पत्रे टिकली आहेत, ओबरची उत्तरे मात्र हाती लागलेली नाहीत. त्या पोकळीत जेफर्स यांनी हरवलेली पत्रे कल्पिली आणि ती हरवलेली आहेत हे वाचकापासून लपवले नाही.

वहीत तीन रकाने पाडावेत, अशी माझी सूचना आहे. पहिल्यात कागद सांगतो ते, दुसऱ्यात त्या काळाच्या आणि स्थळाच्या माहितीवरून रास्तपणे काढता येते ते, आणि तिसऱ्यात कळण्याचा कोणताही मार्ग नाही ते. तिसरा रकाना सर्वांत लांब होतो आणि कविता बहुधा तिथूनच निघते, म्हणून तो आळस न करता भरावा.

तिसरी पायरी : कामाची आणि वस्तूंची माहिती

भावना लिहिण्याआधी हात काय करत होते ते शोधा. दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर भाताची शेती होती आणि तिथे आणलेल्यांपैकी अनेकजण पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या प्रदेशातले होते. दाणे लाकडी उखळात मुसळाने कांडावे लागत, मग गवत वेटोळ्यांनी शिवून केलेल्या रुंद, उथळ, गोल टोपलीत उडवून कोंडा वाऱ्यावर सोडावा लागे. उखळ, मुसळ, कांडणे, पाखडणे हे सगळे शब्द मराठीत तयार आहेत आणि ते येथे नेमके बसतात. 'सूप' मात्र बसत नाही, कारण आपले सूप बांबूचे असते आणि एका बाजूने उघडे असते. अशा जागी शब्द थांबवून वस्तूचे वर्णन करावे. ती टोपली आपल्या ओळखीची नाही, एवढे वाचकाला जाणवले तरी पुष्कळ झाले.

कापसाचेही तसेच आहे. पिकलेल्या बोंडाची वाळलेली टोके बोटांना ओरखडे काढतात, हे विदर्भात वेचणीला गेलेल्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. ही जवळीक वापरावी, पण बोटांपुरती. वेचणी संपल्यावर आपल्या घरी जाणारी बाई आणि जिचे मूल उद्या विकले जाऊ शकते ती बाई, या दोघींचे आयुष्य एका उपमेत बसवता येत नाही. याच कापसाने मुंबईलाही या इतिहासात ओढले आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या निर्यातीला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच शहरातला सट्टा कोसळला. युद्धानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. मराठी कवीला या विषयाकडे वळण्यासाठी परवाना लागत असेल, तर तो त्या अर्पणपत्रिकेत आहे.

चौथी पायरी : बोलणार कोण?

ही पायरी मी सर्वांत अवघड मानतो, आणि बहुतेक कविता येथेच फसतात. नवा कवी पहिल्याच ओळीत 'मी' म्हणतो आणि गुलामीतल्या माणसाच्या तोंडून बोलू लागतो. पर्याय त्याहून अधिक आहेत.

मॅरिलिन नेल्सन यांनी २००४ मध्ये 'फॉर्च्यून्स बोन्स' हे दीर्घ शोककाव्य प्रसिद्ध केले. फॉर्च्यून हा कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावी एका हाडवैद्याच्या मालकीचा होता. १७९८ मध्ये तो मेला आणि त्या वैद्याने त्याचा सांगाडा शरीररचनेच्या अभ्यासासाठी ठेवून घेतला. पुढे हाडे संग्रहालयात गेली, त्याचे खरे नाव विसरले गेले, आणि 'लॅरी' या भलत्याच नावाने तो १९७० पर्यंत लोकांना दाखवला जात होता. नेल्सन यांनी पहिला आवाज फॉर्च्यूनला दिला नाही. तो त्याची बायको डायना हिला दिला, कारण घरातली साफसफाई करताना त्या खोलीत आपल्याच नवऱ्याच्या हाडांवरची धूळ पुसण्याची वेळ तिच्यावर आली असणार. पाहा, येथे कवयित्रीने दुःखाचा शोध घेतला नाही. तिने घरातले रोजचे काम शोधले आणि दुःख त्या फडक्यात आपोआप आले.

दुसरा पर्याय रॉबर्ट हेडन यांच्या 'मिडल पॅसेज' (म्हणजे गुलाम जहाजांचा अटलांटिकपारचा प्रवास) या कवितेत दिसतो. तेथे अधिक बोलतात ते व्यापारी आणि खलाशी. त्यांच्या रोजनिशा, प्रार्थना आणि जबान्या यांतूनच तळघरात कोंबलेल्या माणसांचे हाल वाचकाला कळतात. अत्याचार करणाऱ्याची भाषा त्याच्याच विरुद्ध साक्ष देते, हा परिणाम 'मी' ने साधत नाही.

तिसरा पर्याय आजच्या पाहुण्याचा. ल्युसिल क्लिफ्टन १९८९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातली वॉलनट ग्रोव्ह ही जुनी जमीनदारी पाहायला गेल्या आणि वाटाड्याने गुलामांचा उल्लेखही केला नाही. चौकशी केल्यावर यादीत दहा गुलाम असल्याचे कळले, पण त्यातही केवळ पुरुष मोजलेले होते. त्यांच्या कवितेत थडग्यांवर कोरला जाणारा 'येथे विसावला आहे' हा इंग्रजी शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटी त्यातला 'येथे' हा शब्द त्याच उच्चाराचा 'ऐका' होतो. कवयित्रीने त्या माणसांच्या वतीने एकही गोष्ट रचली नाही, तरी ती माणसे पानावर उभी राहतात. सुरुवात करणाऱ्याने हाच पर्याय आधी हाताळावा, कारण येथे आपण कोठून बोलतो आहोत हे प्रामाणिकपणे सांगता येते. कोणाच्या दुःखावर कोणी लिहावे, हा प्रश्न दलित साहित्याने मराठीत पुरेशा स्पष्टपणे मांडलेला आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक कवितेत नव्याने द्यावे लागते.

'मी' वापरायचाच असेल, तर त्याची मराठी कोणती, हे आधी ठरवा. कॅरोलायनातल्या स्त्रीला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावले, की वाचकाच्या मनात गावाकडची बाई उभी राहते आणि तो देश नाहीसा होतो. अशुद्ध मराठी बोलायला लावले, तर मुलाखतकारांनी केलेला अन्याय आपण पुन्हा करतो. मी साधी, लहान वाक्यांची, कोणत्याही जिल्ह्याची नसलेली मराठी वापरतो आणि त्या स्त्रीचे वेगळेपण वस्तूंवर व क्रियापदांवर सोपवतो. पेशवाईतल्या कुणबिणीची गोष्ट निराळी आहे, तेथे बोली शोधावीच लागेल.

पाचवी पायरी : घाट कागदातून काढणे

नताशा ट्रेथवे यांच्या 'नेटिव्ह गार्ड' (२००६) या संग्रहाच्या शीर्षककवितेतला नायक अमेरिकी यादवी युद्धात, गुलामीतून सुटून संघराज्याच्या म्हणजे उत्तरेच्या सैन्यात आलेला आहे. मिसिसिपीच्या किनाऱ्यासमोरील शिप आयलंडवर तो शत्रूच्या कैद्यांवर पहारा करतो आणि शत्रुपक्षातल्या कोणाच्या तरी घरातून मिळालेल्या, आधीच भरलेल्या वहीत, जुन्या ओळींवर आडवे लिहीत आपली रोजनिशी ठेवतो. कविता दहा सुनीतांची आहे आणि प्रत्येक सुनीताची शेवटची ओळ थोड्या फरकाने पुढच्याची पहिली ओळ होते. एका लिखाणावर दुसरे लिखाण चढते, तशी एका सुनीतावर दुसरे चढते. घाट हा असा विषयातून उगवावा. याच कारणासाठी मी गुलामीवरच्या प्रत्येक कवितेला ओवीचा साज चढवण्याच्या विरुद्ध आहे. ओवी जात्याच्या फेऱ्यातून आलेली आहे. जिथे जाते नाही तिथे ती उसनी दिसते.

फिलिप यांच्यासारखे शब्द फोडायचे असतील, तर देवनागरीची प्रकृती लक्षात घ्यावी. 'झाँग!' च्या पहिल्याच पानावर पाण्यासाठीचा इंग्रजी शब्द सुट्या अक्षरांत विखुरलेला आहे, जणू तहानेने कोरड्या पडलेल्या तोंडातून तो बाहेर पडत नाही. पाणी हाच त्या खटल्यातला वादाचा मुद्दा होता, आणि शेवटच्या तुकडीला बुडवण्याआधी पाऊस पडून पाणी मिळाले होते असे सुनावणीत पुढे आले, तेव्हा फेरसुनावणीचा आदेश निघाला. आपल्या लिपीत व्यंजन आणि स्वर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून 'पाणी' फोडताना प्, पा, पाण् असे अडखळत पुढे जावे लागते. जोडाक्षरे हलन्त देऊन तोडता येतात. हा प्रयोग कागदावर करण्याआधी मोठ्याने वाचून पाहा. जिभेला अडखळायला होत नसेल, तर तो केवळ डोळ्यांचा खेळ झाला आहे.

सहावी पायरी : किती दाखवावे

फटक्यांचे, लिलावाचे, बेड्यांचे वर्णन जितके लांबते तितका वाचक प्रेक्षक बनतो. माझ्या पहिल्या मसुद्यांमध्ये असे तपशील भरपूर होते आणि आज वाचताना जाणवते, की त्यांत त्या स्त्रीपेक्षा चाबूकच अधिक नीट दिसत होता. सैदिया हार्टमन यांनी २००८ मधल्या एका निबंधात गुलाम जहाजावर मेलेल्या दोन मुलींविषयी लिहिताना हाच प्रश्न स्वतःला विचारला : कागदात हिंसेखेरीज काही नसेल, तर ते पुन्हा सांगताना आपण ती हिंसा पुन्हा करत तर नाही ना? त्या दोघींची मैत्री कल्पिण्याचा मोह हार्टमन उघडपणे बोलून दाखवतात आणि तिथेच थांबतात. अत्याचार टाळू नये, पण तो एका ओळीत, क्रियापद आणि कर्ता स्पष्ट ठेवून सांगावा. 'तिला विकले गेले' यापेक्षा 'त्याने तिला विकले' हे वाक्य अधिक काम करते. याच न्यायाने मी 'गुलाम' या नामाऐवजी शक्य तेथे 'गुलामीत ठेवलेली' असे लिहितो, कारण मग कोणी ठेवले, हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो.

सातवी पायरी : एक ओळ लिहून पाहू

जनगणनेच्या पत्रकात साधारणपणे आढळते तशी एक नोंद समजा : वय २३, स्त्री, रंग काळा. खाली काही ओळी सोडून : वय १, मुलगी. पहिला मोह असा होतो :

बाळ माझं कडेवर, डोळ्यांत आसवं,
कापसाच्या रानात मी गाते अंगाई

यातले एकही अक्षर कागदात नाही. ती कापसात काम करत होती की घरात, हे ठाऊक नाही. शिवाय या पत्रकांत माणसांचा क्रम अनेकदा वयावर लावलेला असतो, म्हणून ते मूल तिचे, असे धरून चालता येत नाही. तिसरा रकाना पुढे ओढून मी ती ओळ अशी पुन्हा लिहिली :

वय : तेवीस. तिला विचारले,
की दारातून पाहून ठरवले?
लिंग : स्त्री. रंग : काळा.
नावासाठी रकाना आखलेला नाही.
खाली, सहा ओळी सोडून, वय : एक.
ते तिचे, असे कागद म्हणत नाही.
ते तिचे नाही, असेही म्हणत नाही.
सहा ओळींएवढ्या अंतरावरून
मोजणाऱ्याला रडणे ऐकू आले असेल
तर त्याने ते लिहिलेले नाही.

दुसऱ्या मसुद्यातही एक दोष आहे. 'रडणे' हा शब्द अजून माझाच आहे, मूल झोपलेलेही असू शकते. त्या जागी 'आवाज' लिहावा, असे मला आता वाटते. कवितेखाली पत्रकाचे साल, परगणा आणि पानाचा क्रमांक द्यावा, आणि कोणती ओळ कागदातली व कोणती कल्पनेतली हे दोन वाक्यांत सांगावे. नेल्सन यांच्या पुस्तकात कवितांच्या सोबतीने फॉर्च्यूनविषयीच्या ऐतिहासिक टिपा छापलेल्या आहेत, त्यामुळे कवितेचे काही बिघडलेले नाही. फॉर्च्यूनची हाडे पुढे, मृत्यूनंतर २१५ वर्षांनी, २०१३ च्या सप्टेंबरमध्ये वॉटरबरीतच सन्मानाने पुरली गेली, या वेळी त्याच्या खऱ्या नावाने.